साखरपुड्यात पाठवणी: चार प्रोजेक्ट एका डीव्हीडीत बसवताना

२०१० च्या सुमारास कराडकडच्या एका स्टुडिओत मी लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, शिकायला जाऊ लागलो. शिकायला म्हणजे पहिले दोन महिने कॅसेट कॅप्चरला लावायच्या, टेप संपेपर्यंत समोर बसायचं आणि मधल्या वेळात चहा आणायचा. मिनीडीव्हीची तासाभराची कॅसेट संगणकात उतरायला तासच लागायचा आणि हार्डडिस्कवर तेरा जीबी जागा खायची. लग्नसराईत तीन मशीन रात्रंदिवस चालू. एकाच लग्नातला साखरपुडा एकाकडे, हळद दुसऱ्याकडे, लग्न मालक स्वतः करायचे, आणि स्वागत समारंभ ज्याचा हात मोकळा असेल त्याच्याकडे. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो.

एकदा एका नवरीचे वडील आले. चार विधींच्या चार डिस्क बघून म्हणाले, "चार कशाला? एकात बसवा की सगळं. पाव्हण्यांना वाटायच्यात."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "बसव रे."

मला ते फारच सोपं वाटलं. प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एका प्रोजेक्टात दुसरं प्रोजेक्ट आयात करता येतं, त्यातल्या सगळ्या टाइमलाइन, म्हणजे क्रमानं लावलेल्या क्लिपांच्या पट्ट्या, आत येतात. चारही एकामागे एक लावायच्या आणि आउटपुट काढायचं. तसंच केलं. आयात करताना संगणकानं विचारलं, अमुक फाईल सापडत नाही, कुठे आहे ते दाखव. मी एक फोल्डर दाखवलं. बाकीच्या फाईली त्यानं आपल्या आपण जोडून घेतल्या. मला वाटलं, काय हुशार सॉफ्टवेअर आहे! सुरुवातीची दोन-तीन मिनिटं बघितली, त्यात नावं आणि फोटो होते, सगळं ठीक. नमुन्याची डिस्क पार्टीकडे, म्हणजे गिऱ्हाइकाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी वडील दारात. "अहो, साखरपुड्यातच पोरगी सासरी धाडली की तुम्ही!"

लावून बघितलं. अंगठी घालायच्या ठिकाणी पाठवणी. नवरी आईच्या गळ्यात पडून रडतेय आणि खाली साखरपुड्याचं आनंदी गाणं वाजतंय. नशिबानं वडील हसत होते.

असं का झालं, ते सांगतो, कारण नवीन माणसाचा पाय इथेच घसरतो. प्रोजेक्ट फाईलमध्ये व्हिडिओ नसतोच. तिच्यात फक्त पत्ते असतात: या ड्राइव्हवरच्या या फोल्डरातली अमुक फाईल, इतक्या सेकंदापासून इतक्यापर्यंत. म्हणून तासाभराचं काम काही एमबीत मावतं. प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर नेलं की पत्ते चुकतात, आणि मग सॉफ्टवेअर नावावरून शोधायला लागतं. आमचा मेमरी कार्डवाला कॅमेरा कार्ड फॉरमॅट केलं की पुन्हा पहिल्यापासून आकडे द्यायचा. त्यामुळे चारही दिवसांच्या फोल्डरांत एकेक ००००३.एमटीएस नावाची व्हिडिओ फाईल होतीच. मी लग्नाचं फोल्डर दाखवलं, त्यानं साखरपुड्याला लग्नातली ००००३ जोडली. त्याचा काय दोष?

अण्णा चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "नाव बदलल्याशिवाय कार्डावरची फाईल वापरायची नाही." तो नियम मी आजही पाळतो, पण एक दुरुस्ती करून. लांबलचक रेकॉर्डिंगचे कॅमेरा स्वतःच तुकडे पाडतो आणि ते कसे जोडायचे याची माहिती कार्डावरच्या दुसऱ्या फोल्डरांत ठेवतो. आतल्या फाईलींची नावं बदलली की ती सांगड तुटते, आणि तुकड्यांच्या सांध्यावर आवाज क्षणभर गचकतो. मंगलाष्टकांत हे झालं तर लगेच कानाला लागतं. म्हणून कार्डाची जशीच्या तशी एक प्रत वेगळी ठेवायची, तारीख आणि विधीचं नाव वरच्या फोल्डरला द्यायचं, आणि नाव बदलायचं ते सुट्या, छोट्या क्लिपांचं. मशीन बदलायचं असेल तर प्रोजेक्ट मॅनेजर वापरून व्हिडिओसकट सगळं एका जागी गोळा करून न्यायचं. नुसती प्रोजेक्ट फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन जाणारा माझ्यासारखाच फसतो.

आता मुख्य गोष्ट. वेगवेगळी प्रोजेक्ट एकत्र आणायची जागा एडिटिंगची टाइमलाइन नव्हे, ऑथरिंगचं, म्हणजे तयार व्हिडिओंना मेनू जोडून डीव्हीडी बनवायचं, सॉफ्टवेअर आहे. प्रत्येक विधीचं प्रोजेक्ट त्याच्या घरीच पूर्ण करायचं, त्याची स्वतंत्र एमपेग-२ (डीव्हीडीच्या व्हिडिओचा प्रकार) फाईल काढायची आणि त्या चार फाईली ऑथरिंगमध्ये चार टायटल, म्हणजे चार वेगळे भाग, म्हणून मांडायच्या. हळदीतलं एक नाव चुकलं असेल तर फक्त हळदच पुन्हा रेंडर होते, म्हणजे तिचीच फाईल नव्यानं बनते, अडीच तासांचं सगळं नाही. लग्नसराईत रात्री दोन वाजता या फरकाची किंमत कळते.

दुसरं कारण फील्डचं. टीव्हीसाठीच्या जुन्या व्हिडिओत प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, म्हणजे फील्डमध्ये, येतं, एकात सम ओळी, एकात विषम. मिनीडीव्हीत खालचा भाग आधी, नव्या एचडी कॅमेऱ्यांच्या १०८०आय चित्रात वरचा आधी. दोन्ही एकाच टाइमलाइनवर टाकून चुकीची सेटिंग ठेवली की वरातीतला घोडा पुढे-मागे थरथरत चालतो. संगणकाच्या पडद्यावर हे बरेचदा दिसत नाही, काचेच्या जुन्या टीव्हीवर लगेच दिसतं. विधी वेगळे ठेवले तर ज्याची फील्ड त्याच्याजवळ राहते.

मात्र बाहेर काढताना सगळ्या फाईली एका मापाच्या हव्यात: पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत), ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं, आवाज ४८ किलोहर्ट्झ. अमेरिकेतल्या मामांनी पाठवलेली शुभेच्छांची क्लिप हटकून २९.९७ चित्रांची असते. ती आधी २५ वर आणावी लागते, कारण एका डीव्हीडीवर पाल आणि अमेरिकेतली एनटीएससी दोन्ही पद्धती नांदत नाहीत. उलट बाजूही लक्षात ठेवा: आपली पालची डिस्क तिकडच्या बऱ्याच टीव्ही-प्लेअरवर चालत नाही, संगणकावर चालते. मामांसाठी वेगळी प्रत काढा.

आता हिशोब. तो कात्री लावायच्या आधी करायचा, आणि मी तो नंतर केला होता. साध्या डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं. संगणक तेच ४.३७ दाखवतो, कारण तो १०२४ नं भागतो. नवीन मुलं इथे हमखास घाबरतात. आमचं गणित एका ओळीचं: ५६० ला एकूण मिनिटांनी भागायचं, येईल तेवढा सेकंदाला मेगाबिटचा वेग. डिस्कची पूर्ण जागा मेगाबिटांत मोजून साठ सेकंदांनी भागली तर साधारण ६२६ येतात, त्यातले दहा टक्के मेनू आणि अडीअडचणीला सोडले की ५६०.

त्या लग्नाचा साखरपुडा २५ मिनिटं, हळद २०, लग्न ७०, स्वागत समारंभ ३५. मिळून १५०. भागाकार ३.७३. त्यात आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न दाबता, ठेवला असता तर दीड मेगाबिट त्यालाच गेले असते आणि चित्राला सव्वादोन उरले असते. एवढ्यात अक्षतांचा वर्षाव म्हणजे नुसते चौकोनी ठोकळे. आवाज डॉल्बी एसी-३ मध्ये दाबून १९२ किलोबिटवर आणला की चित्राला साडेतीन मिळतात. चालतं, पण जेमतेम. मी हात जोडून सांगतो, शंभर-एकशेदहा मिनिटांच्या वर जाऊ नका. आहेर देणाऱ्यांची रांग ३५ मिनिटं कोण बघतं? (देणारे बघतात, खरंय. आपापला अर्धा मिनिट.) साडेआठ जीबीची दोन थरांची डिस्क हा एक उपाय आहे, पण थर बदलताना चित्र क्षणभर थबकतं, आणि काही जुने प्लेअर ती वाचतच नाहीत. पार्टी ऐकत नसेल तर दोन साध्या डिस्कचा संच द्या.

चार तयार डीव्हीडी हातात असतील तर एक आडवाट मोहात पाडते: चौघींमधल्या व्हीओबी फाईली (यांत डीव्हीडीचा व्हिडिओ असतो) एका फोल्डरात ओतायच्या. करू नका. त्यांचीही नावं सारखीच असतात, एकीवर दुसरी चढते. नावं बदलली तरी उपयोग नाही, कारण कुठला प्रसंग डिस्कवर कुठे आहे ते आयएफओ फाईलमध्ये लिहिलेलं असतं आणि तिला तुमचे बदल माहीत नसतात. चार वेगळी फोल्डरं करून टाकली तर प्लेअर फक्त बाहेरचं व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर शोधतो. मूळ प्रोजेक्ट उरलेलीच नसतील तर व्हीओबीतला व्हिडिओ बाहेर काढून नव्यानं ऑथरिंग करायचं, हाच रस्ता.

आवाजाची पातळी मात्र सगळ्यात शेवटी, चारही फाईली पाठोपाठ ऐकून जुळवा. प्रत्येक विधी वेगळ्या माणसानं केलेला असतो. एकाचा सनई-चौघडा कानठळ्या बसवतो, दुसऱ्याचे भटजी कुजबुजतात.

मेनूवर मी एक अख्खा आठवडा घालवला होता. ऑथरिंगला आम्ही अडोबी एन्कोर वापरायचो. त्यात मराठी थेट टाइप केलं की वेलांट्या भलतीकडे आणि जोडाक्षरं फुटलेली. उपाय असा निघाला की श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर करायचा, फोटोशॉपमध्ये त्याचं चित्र बनवायचं आणि ते मेनूत न्यायचं. फोटोशॉपच्या लेअर ग्रुपच्या नावाआधी कंसात अधिकचं चिन्ह दिलं की एन्कोर त्याला बटण समजतो. निवडलेल्या बटणाची खूण मात्र साधी ठेवा, तिथे तीनच रंग मिळतात. कडेनं दहा-दहा टक्के जागा मोकळी सोडा, नाहीतर टीव्ही नवरदेवाचं आडनाव कापतो.

पहिलं बटण 'सगळं सलग पाहा', मग चार विधी. एक विधी संपला की मेनूवर परत, पण सलगमध्ये पुढचा विधी आपोआप. आणि मेनूवर अर्ध्या मिनिटात कोणी काही दाबलं नाही तर सलग आपोआप सुरू झालं पाहिजे. हे मला कुठल्याही क्लासात शिकवलं नव्हतं. एका घरी डिस्क द्यायला गेलो तेव्हा कळलं. तिथे प्लेअरचा रिमोट वर्षभरापूर्वी हरवला होता आणि आजी मेनूवरचं गाणं पंधरा मिनिटं फिरून फिरून ऐकत बसल्या होत्या. त्यांना वाटलं, कॅसेट अडकलीय.

राईट करताना आधी आयएसओ इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एक फाईल, बनवा, ती संगणकावर पूर्ण तपासा, मगच डिस्क. सोळाच्या वेगाची डिस्क असली तरी मी चार किंवा आठवर लिहितो, आणि लिहून झाल्यावर पडताळणी चालू ठेवतो. वर कागदी लेबल चिकटवू नका. तोल जातो आणि उष्णतेनं कड सुटते. डिस्कसाठीचं मऊ मार्कर वापरा.

आज एन्कोर बंद पडलंय, २०१२ च्या सीएस-६ नंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही. मोफतमध्ये डीव्हीडीस्टायलर ऑथरिंगला आणि इमजबर्न राईटिंगला अजून कामाला येतात. नव्या लॅपटॉपला डिस्कची खाचच नसते, यूएसबीवरचा रायटर घ्यावा लागतो. बहुतेक पार्ट्या पेन ड्राइव्ह मागतात. पण जुन्या कॅसेटी एकत्र करून द्या म्हणणारी, शाळेच्या स्नेहसंमेलनांची चार वर्षं एका डिस्कवर मागणारी माणसं अजून येतात, आणि हे काम येणारी मुलं आता कमी उरलीत.

माझ्या टेबलाखाली एक जुना प्लेअर आणि चौदा इंची काचेचा टीव्ही आहे. प्रत्येक डिस्क आधी त्याच्यावर लागते. रिमोट मी मुद्दाम कपाटात ठेवतो. डिस्क आत ढकलायची, हात बांधून बसायचं आणि साखरपुड्यात साखरपुडाच दिसतोय ना, ते शेवटपर्यंत बघायचं.