गॅलरी काढताय? आधी उधारीचं बघा

पुण्यात समकालीन चित्रांची गॅलरी काढायचीय म्हणून कुणी भेटायला आलं की मी पहिलं विचारते, भाडं कशातून भरणार? ‘चित्रं विकून’ असं उत्तर आलं की माझ्याच पोटात गोळा येतो. सुरुवातीची काही वर्षं विक्रीतून भाडं सुटत नाही. माझं अजूनही दर महिन्याला सुटतंच असं नाही. केकू गांधींनी १९६३मध्ये मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर केमोल्ड ही गॅलरी सुरू केली हे सगळ्यांना पाठ असतं. त्याआधी १९४१पासून त्यांचा फ्रेमांचा धंदा होता, हे कुणी सांगत नाही. माझ्याकडेही मागच्या खोलीत फ्रेमिंगचं टेबल आहे. लग्नाचे फोटो, पदव्या, गजानन महाराजांची तसबीर, येईल ते घेते. यात कमीपणा वाटत असेल तर या भानगडीत पडू नका.

अनुदानाच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाच्या यादीत कला-संस्कृती आहे खरी, पण ते पैसे नोंदणीकृत ट्रस्टला किंवा नफ्यासाठी नसलेल्या ‘सेक्शन ८’ कंपनीला जातात, चित्रं विकणाऱ्या प्रोप्रायटरला नाही. कलाकाराकडून भिंतींचं भाडं घेण्याचा मार्ग आहे. जहांगीर भाड्यावरच चालते आणि तिथे लोक वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघतात. पण ती जहांगीर आहे! आपल्याकडे भाडं भरून कुणीही आलं, की आपल्या निवडीला काय किंमत उरली?

आता मुख्य खड्डा. यात मी अशी पडले की पुढचं प्रदर्शन रद्द करावं लागलं.

ओपनिंगला चित्राशेजारी ‘विकलं’ अशी खूण म्हणून लाल टिकली लागते, टाळ्या पडतात, कलाकाराचे आईवडील फोटो काढतात. समजा चित्र ८०,०००चं आहे. संग्राहक १० टक्के सूट मागतो, मागतोच. झाले ७२,०००. त्यावर ५ टक्के जीएसटी (सप्टेंबर २०२५पर्यंत १२ होता), म्हणजे ३,६००. एकूण ७५,६००. तो म्हणतो, ‘आत्ता २५,००० देतो, बाकीचे दिवाळीनंतर. चित्र मात्र पाठवून द्या, घरी वास्तुशांत आहे.’ ओळखीचा माणूस, नाही कसं म्हणायचं? तुम्ही बिल फाडता, चित्र बबल रॅपमध्ये गुंडाळून टेम्पोत चढवता.

बिल फाडलं त्या दिवसापासून कराचं मीटर सुरू. पुढच्या महिन्यात पूर्ण ३,६०० सरकारला भरायचे, बाकीचे आले नसले तरी. कलाकाराचा निम्मा वाटा, म्हणजे ३६,००० तो मागणारच, त्याचंही घर आहे. आणि हातातल्या २५,०००मधून तुम्ही त्याच आठवड्यात लाइटचं बिल आणि कॅटलॉगची छपाई भागवलेली असते. अशी चार चित्रं ‘विकली’ की वहीत तुम्ही श्रीमंत आणि बँकेत ठणठणाट. दिवाळीनंतर फोन केला की ‘अहो, साहेब बाहेरगावी आहेत.’ चित्र त्याच्या भिंतीवर, तगादा तुमच्या मागे.

म्हणून आता माझ्याकडे पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय चित्र भिंतीवरून हलत नाही. ‘घरी लावून बघतो’ म्हणणाऱ्यालाही डिलिव्हरी चलनावर (बिल नव्हे, नुसता माल पाठवल्याचा कागद), आठवड्याच्या मुदतीने आणि सहीनिशी. पैसे आले की कलाकाराचा वाटा त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाकते आणि त्या खात्याचं कार्ड मी घेतलेलंच नाही. सूट द्यायची तर कुणाच्या वाट्यातून, हे प्रदर्शनाआधी कागदावर घ्या. करारात ‘कलाकाराला यादीतल्या किमतीच्या निम्मे’ असं लिहिलं असेल तर वरच्या उदाहरणात त्याला ४०,००० आणि तुम्हाला ३२,०००, सगळी सूट तुमच्या अंगावर. आणि सीए असा बघा की ज्याने चित्रांचे व्यवहार केलेत. तुमचं स्वतःचं बिल करून चित्र विकणं वेगळं. नुसतं कमिशन घेतलंत, तर त्या कमिशनसाठी कलाकाराच्या नावे केलेल्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत जरा तिरकं आहे. ‘दिल्लीच्या आर्ट फेअरला बूथ घ्या, नाव होईल’ हा सल्ला देणाऱ्यांपैकी एकानेही लाकडी क्रेटचं, विम्याचं, ट्रान्सपोर्टचं बिल भरलेलं नसतं. मला खरं शिकवलं ते एका म्हाताऱ्या फ्रेमवाल्या काकांनी. पावसाळ्यात कागदावरचं काम थेट काचेला टेकू द्यायचं नाही, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट हवीच, आणि बाहेरच्या भिंतीवर टांगायचं तर मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवायची. जुलैत बुरशी धरलेलं एचिंग (धातूच्या पत्र्यावरून कागदावर काढलेला छाप) कलाकाराला परत करताना काय तोंड दाखवणार?

घाबरवलं का फार? तसं नाही हो. मोठ्या कॅनव्हासवाल्यांच्या मागे धावणं कमी केलं तेव्हा मला जरा श्वास घेता आला. दाराजवळ एक सपाट खणांचं कपाट आहे, त्यात एचिंग, लिनोकट (लिनोलियम कोरून काढलेले छाप), छोटी ड्रॉइंग्ज, पाच ते पंधरा हजारांची. हिंजवडीत नोकरी करणारी पोरं शनिवारी येतात, हातमोजे घालून तासभर एकेक कागद उलटतात, ‘ए.पी. म्हणजे काय?’ विचारतात (आर्टिस्ट्स प्रूफ, कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत), आणि जाण्याआधी यूपीआय करतात. सूटही क्वचितच मागतात. तुमच्याकडे जागा कमी असेल तर एक भिंत सोडा, पण ते कपाट आधी घ्या.