आयईएलटीएसच्या स्पीकिंगमध्ये ‘स्नॅक्स’वर बोलताना या चुका टाळा

‘‘टीचर, मी घाईघाईत ‘आय लव्ह स्नेक्स’ म्हणाले. आणि समोरची बाई हसलीसुद्धा नाही!’’

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतला स्पीकिंग, म्हणजे बोलण्याचा, भाग देऊन आलेल्या मुलीने हे दारातच सांगितलं. हसणार कशी? परीक्षकाने चेहऱ्यावर काही दाखवायचं नसतं. पण खाऊच्या विषयात मुलं कशी घसरतात, याचा मासला म्हणून मी हे वाक्य हल्ली सगळ्यांना ऐकवते. ‘स्नॅक’मधला ॅ आपल्याला जड नाही, बॅट, कॅमेरा म्हणताना कुणाची जीभ अडत नाही. ‘स्नेक’ म्हणजे साप, त्यात ‘एइ’ असा स्वर लांबतो. घाबरलं की दोन्ही एक होतात आणि आवडता खाऊ म्हणून साप ताटात येतो.

विषय दिसायला सोपा आहे. स्पीकिंगचा पहिला भाग चार-पाच मिनिटांचा असतो. त्यात घर, शिक्षण, काम यांच्यासोबत रोजच्या सवयींवर प्रश्न येतात. तुम्हाला कोणता खाऊ आवडतो, कधी खाता, लहानपणी खायचात का, असे. सोपा म्हणून मुलं तयारी करत नाहीत, नाहीतर उलट पाठ करून जातात. पाठ करणं जास्त वाईट.

निबंध म्हणू नका

गोव्यात फोंड्याला माझ्या घरी संध्याकाळी चार-पाच जण सरावाला येतात. त्यातल्या एकाला मी विचारलं, ‘‘व्हॉट स्नॅक्स डू यू लाइक?’’ तो ताठ बसला आणि सुरू झाला, ‘‘इन धिस मॉडर्न एरा, जंक फूड इज इंज्युरियस टू हेल्थ...’’ आणि त्याच्या हाताला रॉसचा, म्हणजे चिकनच्या तिखट रश्श्याचा, वास येत होता!

मी म्हटलं, ‘‘राहू दे ते. आत्ता कुठून आलास?’’

‘‘गाड्यावरून, टीचर. रॉस ऑम्लेट खाल्लं.’’

मग मराठीत तो थांबेचना. या गाड्यावर रॉस दाट असतो, त्या गाड्यावर नुसतं पाणी, कांदा वर घालतात, लिंबू मागून घ्यावं लागतं, पाव दोन पुरत नाहीत. म्हणजे बोलायला माल भरपूर होता, पण परीक्षा म्हटल्यावर त्याने तो गाड्यावरच ठेवला होता. आम्ही तोच माल इंग्रजीत आणला: ‘‘ऑन माय वे होम आय ऑफन स्टॉप ॲट अ स्मॉल कार्ट फॉर रॉस ऑम्लेट. इट्स ॲन ऑम्लेट विथ स्पायसी चिकन ग्रेव्ही पोअर्ड ओव्हर इट, अँड यू मॉप इट अप विथ ब्रेड.’’ दोनच वाक्यं. त्यातलं ‘मॉप इट अप’, म्हणजे पावाने पुसून खाणं, हे ‘इंज्युरियस टू हेल्थ’पेक्षा कितीतरी मोलाचं. शब्दसंपत्तीला पंचवीस टक्के वजन असतं, आणि ते जड शब्दांना नसून जागेवर बसलेल्या शब्दांना मिळतं.

पदार्थाचं नाव मराठीत-कोंकणीत राहू द्या. भजीला ‘फ्रिटर’ म्हणता येतं, पण खाज्याला काय म्हणाल? ‘खाजें’ म्हणा आणि लगेच सांगा: बेसनाच्या काड्या, वरून गूळ-आल्याचा पाक. ‘‘क्रंची ग्रॅम-फ्लाउर स्टिक्स कोटेड इन जॅगरी अँड जिंजर.’’ परीक्षकाला ‘डू यू नो खाजें?’ असं विचारून वाट बघत बसू नका. तो तिथे गप्पा मारायला बसलेला नाही.

आपले इंग्रजी शब्द तिकडे वेगळे

याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण हे शब्द आपल्याला इंग्रजीच वाटतात.

आपण बटाट्याच्या पातळ चकत्यांना वेफर्स म्हणतो. ब्रिटनमध्ये त्यांना क्रिस्प्स म्हणतात, अमेरिकेत चिप्स. ब्रिटनमध्ये चिप्स मागितल्या तर बटाट्याच्या जाड तळलेल्या फोडी येतील, आणि वेफर म्हणजे तिथे कुरकुरीत पातळ बिस्किट. तुम्ही ‘आय ईट बनाना वेफर्स’ म्हणालात की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे केळ्याच्या चवीचं बिस्किट येणार.

काजू तर आपल्या घरचा, आणि त्याच्यावरच चूक. ‘आय ईट ड्राय फ्रूट्स लाइक कॅशू.’ इंग्रजीत काजू-बदाम नट्स. ड्राइड फ्रूट म्हणजे मनुका, अंजीर, खजूर. ‘ड्राइड’मधला शेवटचा ‘ड’ही गिळू नका.

भाजी-पाव खायला आपण हॉटेलात जातो. इंग्रजीतल्या हॉटेलात माणूस झोपायला जातो. ‘कॅफे’ म्हणा. ‘टू ब्रेड्स’ चालत नाही, ‘टू ब्रेड रोल्स’. ‘आउटसाइड फूड’ऐवजी ‘स्ट्रीट फूड’. ‘टाइमपास’ला ‘समथिंग टू निबल ऑन’.

आणि स्नॅक म्हणजे नाश्ता नव्हे. दोन जेवणांच्या मधे जे तोंडात टाकतो ते. सकाळी आठला पातळ भाजी-पाव खाल्लात तर तो ब्रेकफास्ट, दुपारी चारला खाल्लात तर स्नॅक. ‘ईव्हनिंग ब्रेकफास्ट’ हा पदार्थ जगात कुठेच मिळत नाही.

‘आय ॲम ईटिंग डेली’

मराठीत ‘मी रोज खातोय’ चालून जातं, म्हणून हे तोंडात येतं. सवय सांगताना साधा वर्तमानकाळ: ‘आय ईट’, ‘आय यूजली हॅव’. दुसरा घोटाळा ‘यूज्ड टू’चा. आताच्या सवयीला ‘आय यूज टू ईट’ म्हणणारी निदान निम्मी मुलं मी ऐकते. ‘यूज्ड टू’ म्हणजे पूर्वी होतं, आता नाही. आताचं सांगायचं तर ‘यूजली’.

लहानपणीचा प्रश्न आला तर मात्र हाच ‘यूज्ड टू’ कामाला येतो. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकून पावासाठी अंगणात धावणं, जत्रेहून आजीने आणलेली खाज्याची पुडी. ‘‘माय ग्रँडमदर यूज्ड टू ब्रिंग खाजें फ्रॉम द टेम्पल फेअर, बट नाउ आय बाय इट मायसेल्फ.’’ एका वाक्यात दोन काळ आले, आणि उगाच आणल्यासारखे वाटले नाहीत.

उच्चारात गोंयकारी हेल असला तर असू दे, त्याचे गुण जात नाहीत. शब्द कळला पाहिजे. ‘व्हेजिटेबल’चे चार तुकडे करू नका, ‘वेज-ट-बल’ असे तीनच होतात. ‘चॉकलेट’ दोन तुकड्यांत.

नुसतं ‘येस’, किंवा खोटी सॅलडं

खाऊ खात नसाल तर तसं सांगा: ‘आय रेअरली स्नॅक, बिकॉज आय हॅव अ लेट लंच.’ उत्तर खरं आहे की नाही याला गुण नसतात. पण ‘आय ईट सॅलड एव्हरी इव्हनिंग’ असं थाप मारून सांगितलं आणि ‘व्हाय?’ आलं, की पुढे गाडी अडते. ‘येस, आय लाइक’ एवढ्यावरही थांबू नका. क्रियापदाला कर्म लागतं, ‘आय लाइक देम’. दोन-तीन वाक्यं पुरे. परीक्षकाने मधेच तोडलं तर घाबरू नका, वेळ सांभाळणं हे त्याचं काम आहे. आरोग्याबद्दल सरळ विचारलं, तरच आरोग्यावर बोला.

रॉस ऑम्लेटवाल्या मुलाची परीक्षा गेल्या महिन्यात झाली. स्नॅक्सचा प्रश्न आलाच नाही, टोप्यांवर आला. संध्याकाळी दारात उभा राहून मलाच विचारत होता, ‘‘टीचर, आजोबा बागायतीत जाताना डोक्याला पंचा गुंडाळायचे ते मी सांगितलं. पंचा टोपीत धरतात ना?’’