गराजचं दार अडलं, तर काय तपासाल आणि कशाला हात लावायचा नाही

अमेरिकेत राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांत रोजची ये-जा गराजमधूनच होते, पुढचं दार पाहुण्यांपुरतं. त्यामुळे सकाळी शाळेच्या गडबडीत गराजचं दार अर्ध्यावर येऊन पुन्हा वर गेलं, की सगळ्या घराचा खोळंबा होतो. अशा वेळी लगेच दुरुस्तीवाल्याला बोलवायची गरज नसते. पुष्कळदा बिघाड किरकोळ असतो आणि घरच्या घरी सुटतो. पण याच दारात एक भाग असाही आहे, ज्याला आपण कधीच हात घालायचा नाही. म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

दार बंद असताना आतल्या बाजूने वर पाहा. दाराच्या माथ्यावर एक आडवा लोखंडी दांडा असतो आणि त्यावर जाड स्प्रिंग असते, मोठ्या दाराला बहुधा दोन. दोन गाड्यांच्या गराजचं दार दीडशे-दोनशे पौंडांचं सहज असतं. ते वजन पेलते ही स्प्रिंग. छतावरची मोटर फक्त ओढते आणि ढकलते. साधारण स्प्रिंग दहा हजार वेळा दार उघडून बंद होईल एवढ्या आयुष्याची असते. दिवसातून चारदा दार वापरलं, तर ती सातेक वर्षांत थकते. वेटोळ्यांमध्ये मधेच दोन इंचांची फट दिसली, तर ती तुटलेली आहे. मग बटण दाबू नका, दार मोटरपासून सोडवणारी लाल दोरी ओढू नका, सरळ टेक्निशियनला बोलवा. स्प्रिंग, बाजूच्या तारा आणि त्या तारा जिथे अडकवलेल्या असतात ते दाराच्या तळाचे ब्रॅकेट, या सगळ्यांवर प्रचंड ताण असतो. व्हिडिओ पाहून त्यांचे बोल्ट सोडवायला जाऊ नये. हात मोडतो, जीवही जाऊ शकतो. दोन स्प्रिंगांपैकी एकच तुटली असली, तरी दोन्ही एकदम बदलून घ्या; दुसरीचंही वय तेवढंच झालेलं असतं.

स्प्रिंग शाबूत आहे? मग पुढे जाऊ.

दार उघडतं, पण बंद होत नाही, थोडं खाली येऊन परत फिरतं आणि ओपनरचा, म्हणजे छतावरच्या मोटरच्या यंत्राचा, दिवा लुकलुकतो, ही सगळ्यांत नेहमीची तक्रार. इथे पहिला संशय सेन्सरवर घ्यावा. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, समोरासमोर दोन छोटे डोळे बसवलेले असतात. एकातून निघालेला अदृश्य किरण दुसऱ्याला मिळाला, तरच दार खाली येतं. १९९३ पासून घरगुती ओपनरला अडथळा ओळखणारी अशी जादा सोय सक्तीची आहे, कारण त्याआधी दाराखाली सापडून लहान मुलं दगावली होती. खात्री करायची सोपी रीत म्हणजे भिंतीवरचं बटण दाबून धरणं. दाराखाली कोणी नाही हे पाहून तसं केल्यावर दार पूर्ण बंद झालं, तर दोष सेन्सरचाच.

आता खाली वाकून बघा. मधे झाडू, सायकलचं चाक किंवा ओलं पान आलंय का? काचेवर कोळ्याचं जाळं आहे का? मऊ कोरड्या फडक्याने काच पुसा. प्रत्येक सेन्सरवर एक बारीक दिवा असतो. तो विझलेला किंवा थरथरत असेल, तर एखादा डोळा हलून तिरका झालाय. पाठीमागचा छोटा नट हाताने सैल करा आणि सेन्सर अगदी किंचित फिरवत राहा; दिवा स्थिर झाला की तिथेच नट आवळा. ठरावीक वेळीच दार अडत असेल, तर उन्हाचा झोत थेट काचेवर येतो का ते बघा. एवढं करूनही दिवा लागलाच नाही, तर वायर कुठे तुटली किंवा उंदराने कुरतडली असेल. काही जण वैतागून दोन्ही सेन्सर काढून छताजवळ समोरासमोर बांधून टाकतात. घरात मूल किंवा मांजर असो-नसो, हे करू नका.

भिंतीवरचं बटण चालतं पण रिमोट चालत नाही, तेव्हा आधी भिंतीवरचं ‘लॉक’, म्हणजे रिमोट बंद ठेवणारं बटण, चुकून दाबलं गेलंय का ते पाहा. त्यानंतर रिमोटचा सेल बदला. ओपनरमध्ये नुकताच नवा एलईडी बल्ब लावला असेल, तर तो काढून पाहा. काही बल्ब रिमोटच्या लहरींत अडथळा आणतात. बटण आणि रिमोट दोन्ही बंद असतील, तर प्लग आणि त्या सॉकेटचं रिसेट बटण तपासा.

मोटर फिरते, दार मात्र जागचं हलत नाही, तेव्हा बहुधा कोणीतरी लाल दोरी ओढून दार मोटरपासून सोडवलेलं असतं. तसं नसेल आणि यंत्राच्या आवरणाखाली पांढरा प्लॅस्टिकचा भुगा दिसला, तर आतला गिअर झिजलाय. मोटर नुसतीच गुरगुरत असेल, तर बहुतेक कपॅसिटर गेलाय. त्यात वीज साठलेली असते, म्हणून ते काम जाणकाराकडेच द्यावं.

दार जड चालतं, कुरकुरतं? दार पूर्ण बंद असतानाच लाल दोरी ओढा आणि दोन्ही हातांनी ते कमरेपर्यंत उचला. तिथे ते आपलं आपण थांबायला हवं. घसरून खाली आलं, तर स्प्रिंग कमजोर झालीय. मधेच अडलं, तर रुळ आणि चाकं बघा. बिजागऱ्या, चाकांचे बेअरिंग आणि स्प्रिंगवर सिलिकॉनचा स्प्रे मारा, रुळांवर नको. तिथे धूळ चिकटून बसते. न्यू जर्सी, शिकागोकडच्या थंडीत तळाचं रबर जमिनीला गोठून चिकटतं, तेव्हा बटण दाबत बसू नका, हेअर ड्रायरने बर्फ सोडवा.

सगळं जुळलं की मोटर पुन्हा जोडा. दाराखाली मधोमध दीड इंच जाडीचं लाकूड आडवं ठेवून दार बंद करा. लाकडाला टेकताच दार उलट फिरलं पाहिजे. ही चाचणी दर महिन्याला करावी. दार उलटलं नाही, तर ओपनरचा प्लग काढून ठेवा आणि दुरुस्ती होईपर्यंत दार हातानेच उघडा-लावा.