लाइव्ह कॉन्सर्ट: कट्टर चाहत्यांनी या चुका टाळा

कॉन्सर्टची रात्र वाया जाते ती बहुतेक वेळा कलाकारामुळे नाही, आपल्याच काही निर्णयांमुळे. गंमत म्हणून गेलेला माणूस मागे कुठेतरी आरामात उभा राहतो आणि खुशीत घरी येतो. जीव टाकणारा चाहता मात्र उपाशीपोटी सहा तास रांगेत उभा राहतो, बॅरिकेडला चिकटतो, एकही सूर निसटू नये म्हणून कान उघडे ठेवतो आणि प्रत्येक गाणं फोनमध्ये भरून घेतो. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्याला संगीतापासून थोडी लांब नेते. कशी, ते पाहू.

चूक: सर्वांत पुढची जागा म्हणजे सर्वांत चांगला आवाज

कलाकाराचा चेहरा, घाम, बोटं बघायची असतील तर पहिली रांग घ्या, जरूर घ्या. पण तिथे आवाज सहसा बिघडलेला असतो आणि त्याला कारण आहे. मोठ्या कार्यक्रमात मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात. त्यांचा रोख मागच्या गर्दीकडे असतो, पहिल्या रांगेच्या तो डोक्यावरून जातो. बेसचे सबवूफर मात्र बऱ्याचदा स्टेजच्या पायाशी, तुमच्यापासून एक-दोन मीटरवर ठेवलेले असतात. त्यात ड्रम्सचा मूळ आवाज थेट अंगावर येतो. परिणामी नुसती धडधड जोरात आणि शब्द गायब. ही उणीव भरायला स्टेजच्या कडेला छोटे स्पीकर लावतात, पण त्यांचा पल्ला कमी असतो.

आवाजासाठी यायचं असेल तर मिक्सिंग कन्सोल शोधा, म्हणजे गर्दीतलं ते मचाण जिथून सगळा आवाज नियंत्रित केला जातो. साउंड इंजिनिअर जिथे बसतो तिथे त्याला जे ऐकू येतं त्यावरूनच तो सगळं मिक्स ठरवतो. त्या मचाणाच्या थोडं पुढे किंवा बाजूला उभे राहा, अगदी पाठीमागे नको, कारण मचाण आणि त्यावरची माणसं आवाज अडवतात. खूप मोठ्या मैदानात मधोमध जादा स्पीकरचे मनोरे असतात. उशिरा पोहोचलात आणि मागेच जागा मिळाली, तर अशा मनोऱ्याच्या पलीकडे, म्हणजे स्टेजपासून लांबच्या बाजूला, काही मीटरवर उभे राहा. तिथे आवाज पुन्हा स्वच्छ मिळतो.

बंदिस्त सभागृहात दोन जागा टाळाव्यात. एक, बाल्कनीच्या खालचा खोल भाग: वरून येणारा तार (उंच पट्टीतला) आवाज तिथे पोहोचत नाही, बेस मात्र साचतो. दुसरी, मागची भिंत आणि कोपरे: भिंतीलगत बेस फुगतो आणि सगळं गढूळ ऐकू येतं.

जागा बदलता येत नसेल तरी दोन-तीन पावलं बाजूला सरकून बघा. ६० हर्ट्झच्या बेसची एक लहर साधारण ५.७ मीटर लांब असते. डावीकडच्या आणि उजवीकडच्या सबवूफरच्या लहरी काही ठिकाणी एकमेकींत मिसळून वाढतात, काही ठिकाणी एकमेकींना खातात. त्यामुळे दोन मीटर सरकल्यावर तोच बेस वेगळा लागतो. आणि पहिल्या दोन-तीन गाण्यांवरून मत बनवू नका. साउंड चेक रिकाम्या सभागृहात झालेला असतो. हजारो माणसं आली की त्यांची शरीरं आणि कपडे तार आवाज शोषतात, आणि इंजिनिअर ती घडी नव्याने बसवत असतो.

चूक: इअरप्लग लावले तर मजा जाईल

ही चूक सर्वांत महाग पडते, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलू.

कामाच्या ठिकाणी आवाज किती चालतो याचा अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा हिशेब असा: ८५ डेसिबल ८ तास, आणि त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. कॉन्सर्टमध्ये १०० डेसिबल ही काही विशेष गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी घालून दिलेली वरची मर्यादाच सरासरी १०० डेसिबल आहे, आणि त्याच मानकात प्रेक्षकांना इअरप्लग उपलब्ध करून द्यावेत असंही म्हटलं आहे. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आधी झिजतो तो तार आवाज: झांजांची चमक, शब्दांतल्या व्यंजनांची धार. संगीतावर प्रेम करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

मजा जाते ती चुकीच्या प्लगमुळे. साधे फोमचे प्लग तार आवाज जास्त कापतात आणि खालचा कमी, म्हणून गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं आणि माणूस वैतागून ते काढून टाकतो. संगीतासाठी फिल्टरवाले प्लग मिळतात. ते सगळ्या पट्टीत जवळपास सारखाच आवाज कमी करतात, साधारण १२ ते २० डेसिबल. मिक्स तसंच राहतं, फक्त व्हॉल्यूम खाली येतो. वरच्या हिशेबात १०० मधून १५ गेले की ८५ उरतात, म्हणजे पंधरा मिनिटांची मुभा आठ तासांवर जाते. मात्र पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. नीट न बसलेला प्लग त्याच्या निम्मंही काम करत नाही.

बसवण्याची रीत: हात स्वच्छ धुवा. फोमचा प्लग बोटांत वळून सुरकुती न पाडता बारीक वळकटी करा. दुसऱ्या हाताने डोक्यावरून वळसा घालून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत २० ते ३० सेकंद बोटाने धरून ठेवा. फिल्टरवाल्या प्लगलाही कान तसाच ओढायचा, फक्त तो हलकेच फिरवत आत न्यायचा. मग तपासा: दोन्ही कानांवर तळवे घट्ट धरा. आवाज एकदम कमी झाला तर प्लग नीट बसलेला नाही, काढून पुन्हा लावा. कापूस किंवा टिश्यूचा बोळा जेमतेम काम करतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

प्लग घरून निघताना खिशात आणि पहिला सूर लागण्याआधी कानात. मधल्या काळात कान थकले की नंतर लावलेला प्लग जास्तच दबलेला वाटतो. एखाद्या आवडत्या गाण्यासाठी "फक्त दहा मिनिटं" काढण्याचा मोह होतो, तिथे वरचा हिशेब आठवा: १०० डेसिबलला पंधरा मिनिटांत दिवसभराचा कोटा संपतो. सोबत गाताना आपलाच आवाज डोक्यात घुमतो तो प्लग उथळ बसल्यामुळे. थोडा आत सरकवा, घुमणं कमी होईल. मित्राशी बोलायचं तर कानात ओरडू नका, गाणं संपण्याची वाट बघा. लहान मुलं सोबत असतील तर त्यांना प्लग नीट बसत नाहीत, त्यांना कान पूर्ण झाकणारे इअरमफ घाला.

डीजेच्या रात्री जास्त काळजी घ्या. तिथे गाण्यांमध्ये उसंत नसते आणि चार-पाच तास सलग जातात. दर तासाला दहा मिनिटं बाहेर किंवा शांत कोपऱ्यात जा आणि स्पीकरच्या भिंतीपाशी नाचू नका. उघड्यावर एका स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. बंद खोलीत तेवढा उतरत नाही, पण उतरतो.

चूक: जायच्या आधी अल्बम कानात ओतून घेणे

दिवसभर हेडफोनवर जोरात गाणी ऐकून गेलात तर कान दारातच दमलेले असतात. दुसरा तोटा मनाचा आहे. स्टुडिओतल्या गाण्यात गायकाचा आवाज अनेकदा दोन-तीन थरांत रेकॉर्ड केलेला असतो. स्टेजवर तो एकटा असतो. वय वाढलं की बरेच गायक सूर खाली उतरवून गातात, लय बदलते, मधला तुकडा लांबतो. अल्बमशी ताडून पाहणारा चाहता निराश होतो. त्यापेक्षा त्याच दौऱ्यातल्या किंवा अलीकडच्या लाइव्ह ध्वनिमुद्रणांतली दोन-तीन गाणी ऐका, म्हणजे कान त्या रूपासाठी तयार होतो. आणि सुरुवातीचा कमी परिचित कलाकार चुकवू नका: त्याच्या वेळी गर्दी कमी असते आणि जागा पारखायला तीच वेळ बरी.

चूक: सगळं फोनमध्ये भरणे

व्हिडिओचा आवाज फुटतो, कारण फोनचा माइक बोलण्यासाठी बनलेला असतो. जोराच्या बेसने त्याची क्षमता ओलांडली जाते, शिवाय फोन आपोआप आवाज वर-खाली करत राहतो. बॅगेतून काढलेला जुना फोन असो की महागडा नवा, स्पीकरसमोर दोघांची बहुधा हीच गत. त्यामुळे एक-दोन गाणी ठरवा, त्यांचे तीस सेकंद घ्या आणि फोन खिशात ठेवा.

तेवढं तरी चांगलं यावं म्हणून: डिजिटल झूम वापरू नका. कलाकाराच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, बहुतेक फोनवर फोकस आणि प्रकाश तिथे लॉक होतो. मग उजेड किंचित कमी करा, नाहीतर मागच्या पडद्याच्या झगमगाटाने चेहरा पांढराफटक येतो. फ्लॅश बंद ठेवा, त्याचा पल्ला काही मीटरचाच असतो आणि उजळतात फक्त पुढच्यांची डोकी. लेसरचा किरण थेट लेन्सवर येत असेल तर फोन वळवा, त्याने कॅमेऱ्याचा सेन्सर कायमचा जळू शकतो. फोर-के, ६० फ्रेमचा एक मिनिट अनेक फोनवर साधारण ४०० एमबी खातो, तेव्हा आधी जागा रिकामी करा. आणि फोन छातीच्या उंचीवर धरा. डोक्यावर धरलेला फोन मागच्या दहा जणांची रात्र खातो.

तिकिटाबाबत: हजारो लोकांत नेटवर्क कोलमडतं, म्हणून तिकीट घरीच डाउनलोड करून ठेवा. काही तिकिटांचा बारकोड सतत बदलतो, त्याचा स्क्रीनशॉट दारात चालत नाही. बारकोडचा फोटो आनंदाच्या भरात कुठेही टाकू नका, तो दुसरा कोणी वापरू शकतो. मित्रांशी भेटीची जागा आणि वेळ आधीच तोंडी ठरवा. गर्दीत इंटरनेटवरचा मेसेज अर्ध्या तासाने पोहोचू शकतो, साधा एसएमएस त्यामानाने लवकर जातो.

चूक: गर्दीला नुसती गर्दी समजणे

चेंगराचेंगरीत बहुतेक माणसं पायाखाली तुडवली जाऊन मरत नाहीत. चहूबाजूंच्या दाबाने छाती फुलू शकत नाही आणि उभ्या उभ्या श्वास बंद होतो. ३ डिसेंबर १९७९ ला अमेरिकेतल्या सिनसिनाटीत एका कॉन्सर्टला मोजकीच दारं उघडल्याने ११ जण गेले, २००० साली डेन्मार्कमधल्या रोस्किल्ड महोत्सवात ९, आणि ५ नोव्हेंबर २०२१ ला ह्यूस्टनमध्ये १०. ही सगळी गाणी ऐकायला आलेली माणसं होती.

एका चौरस मीटरमध्ये चार माणसांपर्यंत तुम्ही आपल्या मर्जीने हलू शकता. पाच-सहाच्या पुढे गर्दी पाण्यासारखी वाहू लागते आणि कुठे जायचं हे तुमच्या हातात राहत नाही. खूण सोपी आहे: चारही बाजूंनी अंगाला अंग लागतंय आणि हात चेहऱ्यापर्यंत नेता येत नाही. त्याच्या आधीच, म्हणजे दोन्ही खांदे शेजाऱ्यांना टेकले की, बाहेर पडायला लागा. अडकलातच तर बॉक्सरसारखे दोन्ही हात छातीपुढे आणा, एक पाय पुढे ठेवा. लोंढ्याविरुद्ध ढकलू नका. रेटा आला की त्याच्यासोबत जा, ओसरला की तिरकं कडेकडे सरका. पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. माणूस पडला तर लगेच उचला आणि आजूबाजूच्यांना हाका मारा.

आत शिरताना आलात त्या दाराखेरीज आणखी दोन दारं नजरेत भरून ठेवा. २० फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या स्टेशन नाइटक्लबमध्ये स्टेजवरच्या आतषबाजीने भिंतीवरचा फोम पेटला. बरेच लोक आत आले होते त्याच मुख्य दाराकडे धावले आणि ते दार माणसांनी तुंबलं. १०० जण मेले.

चूक: अंगाकडे दुर्लक्ष

बॅरिकेडपाशी भोवळ येते ती बहुधा गरमी, रिकामं पोट आणि ताठ गुडघे यांमुळे. तासन्‌तास स्थिर उभं राहिलं की रक्त पायांत साचतं. गुडघे किंचित वाकवा, टाचा वर-खाली करत राहा. दोन-तीन तास आधी नीट जेवा. दर अर्ध्या तासाला पेलाभर पाणी घ्या. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लाजू नका, हात वर करून सुरक्षा रक्षकाला बोलवा. ते तुम्हाला बॅरिकेडवरून बाहेर काढतात. बाहेर आल्यावर आडवे व्हा, पाय उंच ठेवा. बूट बंद आणि वापरातले घाला, नाड्यांना दुहेरी गाठ मारा.

दारू घेणार असाल तर परतीची सोय आधी करा. शरीर साधारण तासाला एकाच छोट्या (३० मिलीच्या) पेगचा निकाल लावतं, कॉफीने हा वेग वाढत नाही.

घरी आल्यावर

कानात दडे बसले, शिट्टी वाजू लागली, तर कानांवर ताण आला होता हे नक्की. दुसऱ्या दिवशी हेडफोन आणि मोठा आवाज पूर्ण बंद ठेवा. बहुतेक वेळा हे एक-दोन दिवसांत ओसरतं. मात्र ओसरलं म्हणजे काहीच बिघडलं नाही असं समजू नका, पुढच्या वेळी प्लग लावाच. दोन दिवसांनंतरही शिट्टी थांबली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर वाटच बघू नका, त्याच दिवशी जा: अशा वेळी स्टेरॉइडचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी ऐकू येणं परतण्याची शक्यता जास्त असते.