राउटिंगआधी किकॅडची स्क्रीन कशी लावून घ्यावी

किकॅड हे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर. त्याचा पीसीबी (म्हणजे सर्किट बोर्ड) एडिटर उघडला की सगळंच एकदम समोर येतं. दोन्ही बाजूंचं कॉपर (तांब्याचा थर), सिल्कस्क्रीन (बोर्डावर छापायची अक्षरं आणि खुणा), सोल्डर मास्क (तांब्यावरचा संरक्षक थर), कोर्टयार्ड (प्रत्येक भागाभोवतीची राखीव जागा), आणि त्यावर अजून करायच्या जोडण्यांच्या बारीक रेषांचं जाळं. नवशिके याच गर्दीत भाग जोडणारे तांब्याचे ट्रॅक ओढायला, म्हणजे राउटिंग करायला लागतात. त्याआधी नको ते झाकून घेतलं तर निम्मं काम सोपं होतं.

उदाहरण म्हणून दोन लेयरचा साधा बोर्ड घेऊ: एटीमेगा 328 हा मायक्रोकंट्रोलर, पाच व्होल्टचा पुरवठा आणि 230 व्होल्टचा दिवा चालू-बंद करणारा रिले. खाली सांगितलेली अपिअरन्स आणि सिलेक्शन फिल्टर ही पॅनेलं डिसेंबर 2021 मधल्या सहाव्या आवृत्तीपासून आली. त्यामुळे यूट्यूबवरचा जुना व्हिडिओ बघून शिकत असाल तर स्क्रीन जुळणार नाही.

सुरुवात माउसपासून. लॅपटॉपच्या टचपॅडवर बोर्ड आखता येतो, पण कशाला? चाक असलेला साधा माउस घ्या. चाकाने झूम होतं आणि चाक दाबून ओढलं की बोर्ड सरकतो. झूम करताना कर्सर स्क्रीनच्या मध्यावर उडी मारत असेल, तर प्रेफरन्सेसमध्ये माउस अँड टचपॅड उघडून कर्सर मध्यावर आणणारा पर्याय बंद करा. मराठी टाइप करत असाल तर कीबोर्ड परत इंग्रजीवर आणा, कारण पुढचं बरंचसं काम एकेका अक्षराच्या शॉर्टकटवर चालतं.

मग ग्रिड, म्हणजे कर्सर जिच्यावर अडकतो ती ठिपक्यांची जाळी. डीआयपी आयसीच्या (दोन बाजूंना पायांच्या रांगा असलेल्या चिपच्या) पायांमधलं अंतर 2.54 मिमी असतं, म्हणून असे भाग मांडताना 1.27 मिमीची ग्रिड सोयीची पडते. बारीक राउटिंगला ती कमी करा. एन आणि शिफ्ट-एन दाबून ग्रिड बदलते. अंतर पटकन मोजायचं असेल तर एका टोकाशी कर्सर नेऊन स्पेसबार दाबा. खालच्या पट्टीतले डीएक्स, डीवाय (आडवं आणि उभं अंतर) शून्य होतात आणि कर्सर हलवाल तसं अंतर दिसतं. एवढ्या कामाची ही सोय कित्येकांना माहीतच नसते.

आता उजवीकडचं अपिअरन्स पॅनेल. इथे मात्र घाई करू नका. त्यात लेयर्स, ऑब्जेक्ट्स आणि नेट्स असे तीन टॅब आहेत.

लेयर्समध्ये वरचं कॉपर, खालचं कॉपर, बोर्डाची कड आणि वरची सिल्कस्क्रीन एवढंच चालू ठेवा. मूळ रंगांत वरचं कॉपर लाल आणि खालचं निळं असतं. पेज-अप आणि पेज-डाउन दाबून दोन्हींत ये-जा करता येते. कंट्रोल-एच दाबलं की ज्या लेयरवर काम चालू नाही तो फिका पडतो. राउटिंगच्या वेळी हे चालू ठेवाच. ही मांडणी जमली की पॅनेलच्या तळाशी प्रीसेट म्हणून जतन करा. 'राउटिंग' असा एक आणि फक्त सिल्कस्क्रीन व कड दाखवणारा 'छपाई' असा दुसरा प्रीसेट पुरतो.

खरी गंमत नेट्स टॅबमध्ये आहे. नेट म्हणजे एकमेकांना जोडायच्या पायांचा एक गट. आपल्या बोर्डावर सर्वात जास्त जोडण्या ग्राउंडच्या असतात, आणि त्या शेवटी खालच्या बाजूच्या कॉपर झोनमधूनच (तांब्याने भरलेल्या भागातूनच) होणार आहेत. तेव्हा ग्राउंडच्या नावाशेजारचा डोळा बंद करा. त्या नेटच्या रेषा गायब होतात आणि ज्या जोडण्या तुम्हाला हाताने करायच्या आहेत तेवढ्याच उरतात. झोन आखून झाला की बी दाबून भरा आणि डोळा पुन्हा उघडा. कुठे ग्राउंड सुटलं असेल तर उरलेली रेष लगेच दिसते.

230 व्होल्टच्या नेटना याच टॅबमध्ये भडक रंग द्या, गुलाबी चालेल. नेट दाखवण्याच्या पर्यायांत रंग 'सर्व' वर ठेवा, म्हणजे ट्रॅकही त्याच रंगात रंगतात. पण रंग दिल्याने अंतर वाढत नाही. त्यासाठी बोर्ड सेटअपमध्ये त्या नेटचा वेगळा नेट क्लास (समान नियमांचा नेटचा गट) करून क्लिअरन्स (इतर तांब्यापासूनचं किमान अंतर) तिथेच भरायला हवा.

त्याखालचा सिलेक्शन फिल्टर लहानसा आहे, पण मनस्ताप वाचवतो. माउसने काय काय निवडता येईल ते तो ठरवतो. माउंटिंगची भोकं आणि कनेक्टर जागेवर बसले की त्यांना लॉक करा आणि फिल्टरमधली लॉक केलेल्या वस्तूंची खूण काढा. ट्रॅक हलवताना चुकून फूटप्रिंटच (भागाची बोर्डावरची आकृती) उचललं जात असेल तर तेवढ्यापुरती फूटप्रिंटचीही खूण काढा.

शॉर्टकट सगळे पाठ करायची गरज नाही. एक्सने ट्रॅक सुरू होतो, ओढता ओढता व्ही दाबलं की व्हाया (दोन्ही बाजूंचं तांबं जोडणारं भोक) बसतो, डीने झालेला ट्रॅक सरकवता येतो. बाकीची यादी कंट्रोल-एफ1 वर मिळते, आणि एखादी कळ हाताला अवघड जात असेल तर प्रेफरन्सेसमध्ये बदलता येते. रंगांचंही तसंच, फक्त मूळ थीम संपादित होत नाही. आधी नवी थीम तयार करून तिच्यात बदल करा.

शेवटी ऑल्ट-3 दाबून बोर्ड त्रिमितीत फिरवून बघा. रिलेच्या टर्मिनलचं तोंड बोर्डाच्या आतल्या बाजूला आलं असेल, तर ते सपाट चित्रात सहज लक्षात येत नाही, इथे येतं.