पिरिऑडिक बाउंडरी: या चुका टाळा

संगणकावर द्रवाचे कण एका बॉक्समध्ये हलवून बघताना त्याच बॉक्सच्या प्रती चहूकडे पसरल्यात असं मानतात, ती पिरिऑडिक बाउंडरी. कण उजवीकडून बाहेर पडला की डावीकडून आत घ्यायचा, त्यात काय मोठंसं! असं म्हणत नवशिके दहा मिनिटांत कोड उरकतात आणि मग महिनाभर आलेखाकडे बघत बसतात.

मीही बसलोय. माझ्या बॉक्सची बाजू होती १० एकक. सरासरी वर्ग विस्थापन (कण सुरुवातीपासून किती दूर गेले, त्या अंतराच्या वर्गाची सरासरी) छान सरळ चढलं आणि ५०च्या आसपास आडवं झालं. कण एकमेकांत अडकलेत, काचेसारखी अवस्था सापडली, म्हणून मी हरखलो. स्लाइड्ससुद्धा करून टाकल्या. तीन आठवड्यांनी, घनता तीच ठेवून, बाजू २० केली, तर रेषा २००वर आडवी. दोन्ही वेळा बाजूच्या वर्गाच्या बरोबर निम्मी! द्रवाला माझ्या बॉक्सची लांबी कोणी सांगितली? मीच. गुंडाळलेल्या, म्हणजे भिंत ओलांडली की परत बॉक्सच्या आत आणलेल्या, स्थानांची वजाबाकी करत होतो ना. ९.९वरून भिंत ओलांडून ०.१वर आलेला कण ०.२ पुढे गेला होता, माझ्या हिशेबात ९.८ मागे.

तेव्हापासून प्रत्येक कणामागे तीन पूर्णांक ठेवतो: कुठल्या दिशेला किती फेऱ्या झाल्या. लॅम्प्स या सिम्युलेशन प्रोग्राममधले इमेज फ्लॅग म्हणजे हेच. 'कणांची खरी वाट नंतर उलगडू' म्हणणारे डिस्क वाचवायला क्वचितच फ्रेम (त्या क्षणीची सगळी स्थानं) लिहितात. दोन फ्रेममध्ये कण अर्ध्या बॉक्सहून जास्त सरकला, की कुठून गेला ते कोणीच सांगू शकत नाही.

दुसरी माझी नावडती चूक लाखो पावलांनंतर उगवते. स्थान शून्याच्या केसभर खाली, उणे ०.००००००००००००००००१. त्यात १० मिळवले की डबल प्रिसिजनमध्ये (साधारण सोळा अंकांपर्यंतच अचूक) उत्तर नेमकं १०, म्हणजे कण बॉक्सबाहेरच. कण ज्या सेलमध्ये, म्हणजे बॉक्सच्या छोट्या कप्प्यात, मोजतो त्याचा क्रमांक अ‍ॅरेबाहेर जातो आणि प्रोग्राम कोसळतो. यावर कुठेतरी एप्सिलॉन (एखादी चिमुकली संख्या) चिकटवणाऱ्यांचा मला राग येतो. गुंडाळून झाल्यावर स्थान बाजूइतकं किंवा जास्त असेल तर शून्य करा, एक ओळ पुरते.

बाकीच्या किरकोळ. गुंडाळायला एकच 'इफ' पुरत नाही. वेगवान कण एका पावलात दोन बॉक्स ओलांडतो, फ्लोअर (खालचा पूर्णांक देणारं फंक्शन) वापरा. सी भाषेत ऋण संख्येवर एफमॉड (भागाकाराची बाकी देणारं फंक्शन) ऋण उत्तर देतं. मिनिमम इमेज (शेजाऱ्याची सर्वात जवळची प्रत धरणं) वापरताना कटऑफ, म्हणजे ज्यापुढे बल मोजत नाही ते अंतर, अर्ध्या बाजूच्या आत. गुंडाळताना वेगाला हात लावायचा नाही (लावणारे भेटलेत).

एवढं सगळं जमूनही द्रवाचा विसरण गुणांक (कण किती भराभर पसरतात त्याचं माप) थोडा कमीच येतो, कारण कण आपल्याच प्रतिमांनी ढवळलेल्या प्रवाहात पोहत असतो. ही तूट बाजूच्या व्यस्त प्रमाणात असते. ती भरून काढायला येह आणि हमर यांचं २००४चं सूत्र आहेच, पण मी तीन आकारांचे बॉक्स चालवून रेषा अनंत मोठ्या बॉक्सपर्यंत ओढतो. वेळ लागतो, लागू दे.