मालिका पाहून लांबच्या मोटारसायकल प्रवासाची आखणी करताना या चुका टाळा

अभिनेते युअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन १२ मे २००७ रोजी स्कॉटलंडमधील जॉन ओ'ग्रोट्स येथून निघाले आणि ४ ऑगस्टला केप टाउनला पोहोचले. 'लाँग वे डाउन' या दूरचित्रवाणी मालिकेसाठी चित्रित झालेला, १८ देश आणि सुमारे २४,००० किलोमीटरचा हा मोटारसायकल प्रवास ८५ दिवसांत झाला. म्हणजे विश्रांतीचे आणि सीमेवर खोळंबण्याचे दिवस धरूनही रोजची सरासरी सुमारे २८० किलोमीटर पडते. ब्रिटिश पत्रकार टेड सायमन १९७३ साली ५०० सीसीच्या ट्रायम्फ मोटारसायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले, ते १९७७ मध्ये परतले. त्यांची सरासरी रोज सत्तर किलोमीटरच्या आसपास भरते.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मालिकेतील सरासरीला आपले वेळापत्रक मानणे. इथिओपियातून केनियात उतरणारा मोयाले-मार्साबित हा रस्ता त्या काळी कच्चा होता. अशा रस्त्यावर दिवसभरात शंभर किलोमीटर झाले, तर सरासरी राखण्यासाठी दुसऱ्या दिवशी साडेचारशे किलोमीटर काढावे लागतात. मग अंधार पडल्यावरही गाडी चालवणे आले आणि रस्त्यावरची जनावरे व दिवे नसलेले ट्रक यांच्याशी गाठ आली. चित्रीकरणाच्या चमूला परतीची तारीख पाळणे भाग असते. आपल्याला ते बंधन नसताना आपण ते हौसेने गळ्यात बांधून घेतो, हे मला नेहमीच चमत्कारिक वाटते.

गाडीची निवडही अशीच पडद्यावरून होते. २००४ मध्ये याच दोघांनी लंडनहून न्यूयॉर्कपर्यंत केलेल्या प्रवासात ११५० सीसीच्या अवजड बीएमडब्ल्यू गाड्या होत्या. मंगोलियात छायाचित्रकार क्लाउडिओ व्हॉन प्लान्टा यांच्या गाडीची फ्रेम तुटली, तेव्हा तिथेच विकत घेतलेल्या साध्या रशियन मोटारसायकलवर ते पुढे गेले. गाडी चिखलात आडवी झाल्यावर एकट्याला उभी करता आली पाहिजे आणि वाटेतल्या गॅरेजवाल्याला उघडता आली पाहिजे, या दोन कसोट्या घरीच, सामान लादून, लावाव्यात. त्या प्रवासात सुट्या भागांसाठी मागे मोटारी होत्या. आपल्याकडे क्लच केबल, ट्यूब आणि चेनचा जोड एवढे तरी हवेच.

वेळापत्रक कोलमडलेच, तर वेग वाढवू नये, टप्पा गाळावा. २००४ च्या प्रवासात सायबेरियात मगदान शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर नद्या ओलांडण्यासाठी मॅकग्रेगर-बूरमन मंडळींनीही गाड्या ट्रकवर चढवल्या होत्या, तेव्हा आपणही लाजण्याचे कारण नाही.

आपल्याकडील अनेकजण मनाली-लेह मार्गावर हीच घाई करतात. मनाली सुमारे २,००० मीटरवर आहे आणि मुक्कामाचे सरचू ४,२०० मीटरच्या वर, म्हणजे खुद्द लेहपेक्षाही उंच. एका दिवसात एवढे चढल्यावर डोके ठणकू लागले, मळमळ सुरू झाली, तर गोळी घेऊन पुढे दामटू नये. वर चढणे तिथेच थांबवावे. त्रास वाढत असेल किंवा तोल जात असेल, तर रात्र न काढता खाली उतरावे. ही वेळच येऊ नये म्हणून सरचूच्या आधी वाटेतल्या जिस्पाला मुक्काम ठेवावा, किंवा श्रीनगर-कारगिलमार्गे जावे. त्या वाटेवर चढण टप्प्याटप्प्याने येते.